कोल्हारच्या मशीनमधला बिघाड

सीडी प्लेयर दुरुस्त करतो असं सांगितलं की हल्ली लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "अजून आहेत का ते?"

आहेत. आपल्या जिल्ह्यात तर आहेतच. कुणाच्या टीव्हीमागे, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दिवाणखान्यात क्रोशाच्या रुमालाखाली. बहुतेकांना त्यांची आठवणही नसते. पण काही माणसं अशी असतात की त्यांचा त्या मशीनवर जीव असतो, आणि त्यांच्यामुळेच दुकानाचं शटर कायमचं ओढल्यावरही माझ्या घरातल्या मागच्या खोलीतलं टेबल रिकामं राहिलं नाही. दुकान नगरच्या बाजारपेठेत होतं. आधी रेडिओ, मग टेप, मग सीडी. नंतर गाणी मोबाईलमध्ये गेली आणि मोबाईल मला कधी आवडला नाही. त्यात उघडून बघण्यासारखं काही नसतं.

ज्यांनी हे मशीन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सीडीवर सुई फिरत नाही. खालून एक बारीक लेझरचा उजेड पडतो, चकतीवर आपटून परत येतो आणि त्या परतलेल्या उजेडावरून मशीन गाणं वाचतं. तो उजेड सोडणाऱ्या भागाला आम्ही पिकअप म्हणतो. गिऱ्हाईक त्याला 'डोळा' म्हणतात, आणि मला तोच शब्द पटतो. तो वापरून वापरून मंद होतो. आधी जुन्या, ओरखडलेल्या सीडी वाचेनासा होतो, मग नव्याही. बाकी सगळं धडधाकट असलं तरी डोळा गेला की मशीन म्हणजे नुसतं खोकं.

गिऱ्हाईकं एकेक नमुने भेटली. पुणतांब्याच्या एका गृहस्थांनी "आवाज येत नाही" म्हणून आणलेल्या प्लेयरमध्ये एकावर एक दोन सीडी निघाल्या. नातवाला वाटलं होतं, दोन्ही गाणी एकदम लागतील. देवळाली प्रवराच्या एका शिक्षकांच्या मशीनमध्ये उंदरानं संसार थाटला होता. ट्रान्सफॉर्मरच्या उबेला पिल्लं निजली होती. गुरुजी म्हणाले, "ती मोठी होऊन जाऊ द्या, मग करू दुरुस्ती." मी मशीन तसंच परत बंद केलं. अशा गोष्टी आठवल्या की हसू येतं. पण या अंकाच्या संपादकांनी धंद्यातली एक गोष्ट लिहा म्हटलं तेव्हा यातली कुठलीच आधी आठवली नाही. आठवले कोल्हारचे भास्करराव.

त्यांचा फोन आला तो दुपारी. मोठ्या, खणखणीत आवाजात बोलत होते.

"रफिकभाई का? मी कोल्हारहून भास्करराव बोलतोय. माझं मशीन सीडी घेईना. तुमच्याकडं आनलं आसतं, पन उचलत न्हाई. लई जड हाय."

"सीडी प्लेयर किती जड असणार, भास्करराव?"

"काय म्हनलात?"

मी पुन्हा विचारलं.

"या तर खरं. उचलून बघा."

नगरच्या तारकपूर स्टँडवरून एसटी धरली आणि गेलो. घर रस्त्यापासून आत, नदीच्या अंगाला, उसाला लागून होतं. भास्करराव दारातच उभे होते. उंच, सडपातळ, पायजमा आणि पांढरा सदरा. त्यांनी मला थेट एका खोलीत नेलं. तिथं सागवानी बाकावर ते मशीन होतं, आणि ते खरंच उचलत नव्हतं. जाड ॲल्युमिनियमची पाटी, तळाला तांब्याचा पत्रा, आत दोन वेगवेगळे ट्रान्सफॉर्मर. जपानी. असल्या मशीनचे फोटो मी मासिकांत पाहिले होते, हात पहिल्यांदाच लावत होतो. माझ्या तोंडून "या अल्ला" निघालं तसे भास्करराव लहान पोरासारखे खूश झाले.

ते साखर कारखान्यात पॉवर हाऊसला होते, सगळी नोकरी टर्बाइनच्या शेजारी. हंगाम सुरू झाला की टर्बाइन थांबत नाही, आणि त्याच्याजवळ उभ्या माणसाला शेजारच्याशी बोलायचं तर खुणेनं बोलावं लागतं. त्या गोंगाटातून सुटून क्वार्टरवर आले की रेडिओवर शास्त्रीय गाणं लावायचे. तिथून गोडी लागली. एसटीनं पुण्याला जाऊन मैफिली ऐकून यायचे. रिटायर झाल्यावर पुण्याचे एक साहेब परदेशी निघाले, त्यांच्याकडून हे मशीन, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले.

"हिनं तवा हप्ताभर बोलनं सोडलं हुतं," ते बायकोकडे बघून म्हणाले.

सुमनवहिनी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. "सोडलं कुठं? बोलतच हुते. यांनी ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या.

भास्करराव माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, तोंडातल्या तोंडात बोलती. पहिल्यापास्नं सवय."

मला तर वहिनींचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. पण तेव्हा माझं लक्ष मशीनच्या आत होतं.

मशीन काही वर्षं बंद पडून होतं. कुणीतरी मेकॅनिक येऊन गेला होता, "याचं काही होणार नाही" म्हणून सांगून गेला होता. मला दिसलं ते असं. ट्रे पुढं आणणारा रबरी पट्टा वितळून डिंक झालेला, भिंगावर धूळ, आणि धूळ पुसली तरी डोळा मंद. चकती नुसती फिरायची आणि थांबायची. भास्करराव वाकून बघत होते.

"व्हईल का?"

"डोळा बदलावा लागेल. मिळाला तर होईल."

तो मिळायला वेळ लागला. असले पिकअप बनायचे केव्हाच बंद झालेत. पुण्याच्या जुन्या बाजारापासून दिल्लीपर्यंत फोन केले. शेवटी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडे एक निघाला, डब्यात जसाच्या तसा. मी तो आणि एक नवा रबरी पट्टा घेऊन पुन्हा कोल्हारला गेलो. नव्या पिकअपवर सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथिलाचा, एक बारीक थेंब दिलेला असतो. अंगातल्या विजेनं लेझर जळू नये म्हणून. सगळ्या तारा जोडून झाल्यावर तो थेंब काढायचा आणि काढताना हात हलता कामा नये. माझा हात त्या दिवशी हलला नाही. ट्रे आत गेला, चकती फिरली आणि पट्टीवर हिरवे आकडे उमटले. भास्कररावांनी माझा खांदा इतका दाबला की दुखला.

त्यांनी स्वतःच्या हातानं सीडी लावली. एका गायिकेचा यमन. तंबोरे सुरू झाले आणि ती खोली भरून गेली. मी इतकी वर्षं आवाजाच्या धंद्यात होतो, पण असा आवाज थोड्याच वेळा ऐकलाय. गायिकेनं श्वास घेतला तोसुद्धा कळत होता.

भास्करराव डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, रडतील. त्यांनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, "लागलं. पन पहिल्यासारखं न्हाई."

"काय कमी आहे?"

"तंबोऱ्याची धार न्हाई. तार छेडली का वर एक झनकार उठायचा, तो न्हाई. बाईचा श्वास यायचा. 'स' म्हनली का दातावरून वारा गेल्यावानी यायचं. आता सगळं गोधडीआडून आल्यागत हाय."

मला ते सगळं ऐकू येत होतं. पण गिऱ्हाईक म्हणतं आवाज बरोबर नाही, तर आधी मशीन बघायचं, असं मी शिकलो होतो. आणि खरं सांगायचं तर त्यांचं वर्णन इतकं नेमकं होतं की मला माझ्या कामाचीच शंका आली. जुन्या मशीनमधले कंडेन्सर सुकतात आणि आवाजाची झळाळी जाते, हे खोटं नाही. तिसऱ्या खेपेला मी कंडेन्सर घेऊन गेलो. आवाजाच्या वाटेवरचे सगळे बदलले. आवाजाची चिप, म्हणजे आयसी, बदलली. तारा साफ केल्या. सीडी लावली.

"न्हाई," भास्करराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "रफिकभाई, तुमच्याकडनं हुतंय तेवढं तुमी केलं. पन ह्यो त्यो आवाज न्हाई."

घरी बायकोनं विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, मशीनला काहीतरी झालंय ते मला सापडत नाही. मला रात्रंदिवस तेच. शेवटी मी कपाटातून माझी तपासणीची सीडी काढली. त्यावर गाणं नसतं. नुसते सूर असतात, जाडापासून बारीक होत जाणारे. खर्जातल्या घुमण्यापासून सुरुवात होते आणि पुढे शिट्टी, मग शिट्टीहून बारीक, मग इतका बारीक की तो कानाला टोचतो. मशीन कुठल्या सुराला कमी पडतं हे त्यावरून कळतं. ती घेऊन मी पुन्हा कोल्हारला गेलो.

"हे सूर एकामागून एक येतील," मी भास्कररावांना समजावलं. "जिथं आवाज बसल्यासारखा वाटेल तिथं हात वर करा. तिथंच बिघाड आहे असं समजू."

"आता कसं! आता सापडंल बघा," ते म्हणाले आणि मांडी सावरून खुर्चीत ताठ बसले.

सूर सुरू झाले. खालचे, मधले. भास्करराव मान हलवत होते. सूर चढत गेला, शिट्टीसारखा झाला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पुढचा सूर आला तसा त्यांनी झटकन हात वर केला.

"हितं! हितं बंद पडलं बघा. हितनं पुढं मशीन काही वाजवतच न्हाई!"

सापडलं म्हणून त्यांना आनंद झाला होता. आणि स्पीकरमधून सूर येत होता, कान किटवणारा, पाण्यासारखा स्वच्छ. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बटण बंद करायला हवं होतं, ते सुचलं नाही. त्याहून बारीक सूर सुरू झाला.

तेवढ्यात सुमनवहिनी आतून धावत आल्या. दोन्ही हात कानांवर दाबलेले, तोंड कसनुसं झालेलं.

"आवो बंद करा ते! काय लावलंय कर्कश्श! कान फाटायची येळ आली!"

भास्कररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कानांवरच्या हातांकडे पाहिलं. मग स्पीकरकडे, मग माझ्याकडे. वर केलेला हात त्यांनी खाली घेतला.

सूर आणखी बारीक झाला. आता मलाही काही ऐकू येईना. पट्टीवर आकडे पळत होते म्हणजे मशीन वाजवत होतं. वहिनींनी मात्र कानावरचे हात काढले नव्हते. एवढी वर्षं लोकांना "आवाज ओके आहे" म्हणून मशीन परत देणारा मी, माझ्याही कानांची हद्द तिथं संपत होती. मी बटण दाबलं.

बाहेर उसात पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. तो भास्कररावांना येत होता की नाही, कोण जाणे.

"मशीन बरोबर हाय तर," भास्करराव म्हणाले.

मी मान हलवली.

"आमी कानात कापूस घालायचो," ते म्हणाले. "सायेब लोक आले तरच घालायचो, खरं तर. कापूस घातला का टर्बाइनचा आवाज बदललेला कळायचा न्हाई. बेअरिंग जायच्या आधी ते येगळं वाजतं. ते ऐकायचं काम माझ्याकडं हुतं. माझ्यागत कुनाला ऐकू यायचं न्हाई, रफिकभाई. इंजिनेर लोक मला बोलवायचे."

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. भास्कररावांनी त्यांना विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"मला वाटायचं, तुमचं ध्यान नसतं," वहिनी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "हाका मारल्या तरी वळायचे न्हाई. म्हनलं, राग असंल कशाचा."

मग भास्कररावांनी जे विचारलं ते मी विसरू शकत नाही.

"सुमन, तू सकाळी देवापुढं ओव्या म्हनायचीस. आईकडनं शिकलेल्या. त्या का सोडल्यास?"

वहिनींना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"सोडल्या कुठं?" त्या म्हणाल्या. "रोज म्हनते की."

मी हत्यारं आवरायला घेतली. आवरण्यासारखं फारसं नव्हतंच, तरी स्क्रू ड्रायव्हर एकेक पुसून पिशवीत ठेवत बसलो. त्या दोघांकडे बघवत नव्हतं. निघताना भास्कररावांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं. एसटी येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "ज्यानं पोट भरलं त्यानंच नेलं. कुनाला बोलायचं?"

मी त्यांना नगरच्या कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, हे परत येणारं नाही, श्रवणयंत्र लावा. त्यांनी लावलं. यंत्र लावून ते थेट माझ्या घरी आले, आणि माझी बायको स्वयंपाकघरातून "चाय लेंगे क्या?" म्हणाली ती त्यांना ऐकू आली. केवढे हसले! पण मी टेबलावरच्या प्लेयरवर एक सीडी लावली, तेव्हा ऐकता ऐकता त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. "बोलनं कळतं याच्यानं," ते म्हणाले. "गानं न्हाई. तंबोरा पत्र्यावर खडे पडल्यागत येतो."

त्यानंतर ते अधूनमधून फोन करायचे. काम काही नसायचं. एकदा म्हणाले, "यंत्र लावून रोज सकाळी देवघराच्या दारात उभा ऱ्हातो. तिला कळू देत न्हाई."

"मग? ओव्या येतात ऐकू?"

"येत्यात. पन आवाज म्हातारा झालाय तिचा. मला वाटलं, तोच आसंल पहिल्याचा. मधलं कायबी मी ऐकलंच न्हाई, रफिकभाई."

मी "हां" म्हटलं, आणि ते त्यांना ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, "आहात का?"

मशीन त्यांनी विकलं नाही. मी एकदा सहज कोल्हारवरून चाललो होतो म्हणून उतरलो, तेव्हा दोघं त्या खोलीत बसलेले. सीडी चालू होती. सुमनवहिनींना गाण्यातलं काही कळत नव्हतं, शिकलेल्या नव्हत्या. पण त्या त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या आणि वाकून कानात सांगत होत्या, "आता बाईनं श्वास घेतला. आता ते तारेचं वाजतंय, पाऊस पडल्यावानी." भास्करराव डोळे मिटून मान हलवत होते. मी चहाला थांबलो नाही. तिथं तिसऱ्या माणसाचं काम नव्हतं.

गेल्या वर्षी भास्करराव गेले. झोपेतच. मला कळलं ते दहावा होऊन गेल्यावर. जाऊन भेटून आलो. खोली बंद होती.

या उन्हाळ्यात सुमनवहिनींचा फोन आला. "भाई, मशीन चालत न्हाई. येता का?"

गेलो. मनात धास्ती होती की डोळा पुन्हा गेला असणार, आणि आता दिल्लीलाही मिळणार नाही. वहिनींनी खोली उघडली. मशीनवर धुतलेला रुमाल होता. मी मागं बघितलं तर वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. ती लावली, बटण दाबलं, आकडे उमटले. ट्रे बाहेर आला, आत गेला. बिघाड काहीच नव्हता.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या दारातच उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या.

"मला एकटीला लावायला धीर व्हईना," त्या म्हणाल्या.

मी त्यांना बटणं दाखवली. हे दाबलं की उघडतं, हे दाबलं की सुरू होतं, हे बंद करायचं. त्यांनी स्वतः एकदा उघडून, सीडी ठेवून बघितली. चकती नीट बसवली. सुरू करायच्या बटणावर बोट ठेवून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाई, तुमी निघा आता. गाडी चुकंल तुमची."

मला समजलं. मी पिशवी उचलली आणि निघालो.

उसाच्या कडेनं निम्म्या वाटेवर आलो असेन, तेव्हा मागून तंबोरे सुरू झाले. इतक्या मोठ्यानं की बांधावरचे बगळे उठले आणि रस्त्यावरच्या टपरीतल्या माणसानं मान वर केली. आवाजाचं बटण भास्करराव जिथं ठेवत तिथंच होतं. मला वाटलं, आता त्या कमी करतील. एसटी येईपर्यंत मी उभा होतो. त्यांनी कमी केलं नाही.